पाचशे रुपयांची रेघ

१/ यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीसारख्या गावात शेजारशेजारची दोन घरे कल्पावीत. एका घरात स्वतःच्या शेतातील कापूस विकून पैसा येतो. दुसऱ्यात निवृत्त शिक्षकाचे निवृत्तिवेतन आणि मुदत ठेवीवरील व्याज. रक्कम सारखी असली, तरी प्राप्तिकराच्या लेखी पहिले उत्पन्न करमुक्त आणि दुसरे करपात्र. हा भेद १८८६ सालापासून चालत आला आहे.

२/ त्याआधीची पार्श्वभूमी. १८५७ च्या उठावाने सरकारी तिजोरीवर मोठा भार पडला. तो भरून काढण्यासाठी वित्त सदस्य जेम्स विल्सन याने १८६० मध्ये हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला. वार्षिक २०० ते ५०० रुपयांच्या उत्पन्नावर दोन टक्के, त्यापुढे चार टक्के. शेतीचे उत्पन्नही यातून सुटले नव्हते. विल्सन त्याच वर्षी कलकत्त्यात वारला आणि १८६५ मध्ये हा करही संपला.

३/ पुढची वीस वर्षे धरसोडीची गेली. कधी परवाना कर, कधी पुन्हा प्राप्तिकर. अखेर १८८६ च्या कायद्याने स्थिर चौकट घातली: पगार व निवृत्तिवेतन, कंपन्यांचा नफा, रोख्यांवरील व्याज आणि इतर उत्पन्न असे चार भाग. शेतकरी जमीन महसूल भरतच होता. शेतीचे उत्पन्न या करातून वगळले गेले. मर्यादा ठरली वार्षिक ५०० रुपये.

४/ ही रेघ कोणावर पडत होती? ५०० रुपये म्हणजे महिना सुमारे ४१ रुपये १० आणे. एवढा पगार असलेल्या कारकुनाला रुपयामागे ४ पै द्यावी लागे. १९२ पैचा रुपया, म्हणजे वर्षाला १० रुपये ६ आणे ८ पै. जवळजवळ आठवड्याचा पगार. २,००० रुपये व त्यापुढील पगाराला दर होता ५ पै. लहान आणि मोठ्या पगारदारांत फरक रुपयामागे केवळ एका पैचा!

५/ लाभांशाचे काय? कर कंपनीच्या नफ्यावर लागे. ज्या कंपनीकडून कर घेतला जाई, तिच्या भागधारकाला त्याच उत्पन्नावर पुन्हा कर नसे. सोय मोठी, पण तिला दुसरी बाजू होती. ५०० रुपयांच्या आतला भागधारक असो वा लक्षाधीश, कंपनीतला कर दोघांच्याही वाट्यातून आधीच गेलेला असे.

६/ सरकारी रोख्यांवरील व्याजाची तऱ्हा आणखी वेगळी. व्याज देतानाच रुपयामागे ५ पै कापून घेतली जाई. आपले सर्व उत्पन्न ५०० रुपयांच्या आत आहे, असा कलेक्टरच्या सहीचा दाखला धारकाने आणला, तरच कपात टळे. म्हणजे सूट कायद्याने दिली होती. ती सिद्ध करण्याचे ओझे मात्र अल्प उत्पन्नाच्या माणसावर होते.

७/ येथे गोपाळ कृष्ण गोखले येतात. २६ मार्च १९०२ रोजी केंद्रीय विधिमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार वर्षानुवर्षे शिलकी अंदाजपत्रके मांडून त्यांचा अभिमान बाळगत होते. गोखल्यांचा मुद्दा नेमका होता: रुपयाचा भाव घसरला तेव्हा वाढवलेले कर, भाव सावरल्यावरही तसेच ठेवल्यामुळे ही शिल्लक दिसते, ती प्रजेच्या समृद्धीची खूण नव्हे. मिठावरील कर घटवावा आणि प्राप्तिकराची मर्यादा १,००० रुपये करावी, ही त्यांची मागणी.

८/ १९०३ मध्ये दोन्ही गोष्टी घडल्या. मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा १,००० रुपये झाली. ५०० ते १,००० च्या टप्प्यातले कारकून, शिक्षक, लहान दुकानदार करातून सुटले. रोख्यांवरील व्याजाची कपात टाळण्यासाठी दाखला मात्र त्यांनाही आणावा लागे.

९/ स्वातंत्र्यानंतरही हेच प्रश्न फिरून आले. बँक व्याजावरची ‘८०-एल’ची वजावट २००५ च्या अर्थसंकल्पाने गेली, २०१२ मध्ये बचत खात्याच्या व्याजापुरती १०,००० रुपयांची वजावट आली, २०१८ मध्ये ज्येष्ठांसाठी ५०,००० रुपयांची. नव्या करप्रणालीत या दोन्ही मिळत नाहीत. लाभांशावरील कर १९९७ मध्ये कंपनीकडे गेला आणि मधल्या काही बदलांनंतर १ एप्रिल २०२० पासून पुन्हा भागधारकाकडे आला.

१०/ आणि दाखला? २०२५-२६ या आर्थिक वर्षात बँकेचे व्याज ५०,००० रुपयांवर (ज्येष्ठांसाठी एक लाखावर) गेले की बँक मुळातच कर कापते. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर कर शून्य असला, तरी ही कपात आपोआप थांबत नाही. पात्र ठेवीदाराने ‘१५-जी’ किंवा ज्येष्ठांनी ‘१५-एच’ नमुना भरून द्यावा, नाहीतर विवरणपत्र भरून परतावा मागावा. कलेक्टरची सही गेली, स्वतःचे घोषणापत्र आले. सिद्ध करणारा माणूस तोच राहिला.

११/ म्हणून प्राप्तिकराचा इतिहास वाचताना केवळ दर पाहून भागत नाही. ‘कर लागत नाही’ आणि ‘कर कापला जात नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामधले अंतर श्रीमंताचा हिशेबनीस सहज ओलांडतो. निवृत्त शिक्षकाला मात्र ते दरवर्षी स्वतः चालावे लागते. गोखल्यांनी रेघ वर सरकवायला लावली, तेव्हा पाचशे ते हजारच्या टप्प्यातल्यांचा कर वाचला होता, ती पायपीट नव्हे.