आधी खापर, मग गाव

‘गाव कुठलं?’ हा आपल्याकडे ओळखीचा पहिला प्रश्न. उत्तर मिळालं की समोरचा जातीपर्यंतचा हिशेब मनात मांडून मोकळा होतो. मी संगमनेर तालुक्यातली. या प्रश्नाकडे वेगळं बघायला मला दोन गोष्टींनी शिकवलं: तालुक्यातलं जोर्वे आणि गणितातला टोपॉस.

प्रवरेकाठच्या जोर्व्यात १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. तांबडी, पक्की भाजलेली भांडी, त्यांवर काळी भौमितिक नक्षी, तोटीचे घट. पुढे तशीच भांडी नेवासे, दायमाबाद, पुणे जिल्ह्यातलं इनामगाव इथेही मिळाली. इ. स. पू. १४०० ते ७०० या सुमाराच्या त्या जगाला ‘जोर्वे संस्कृती’ म्हणतात. नाव गावाचं, पण ओळख खापराच्या अंगच्या गुणांची.

१९६०च्या दशकात फ्रान्समध्ये अलेक्झांडर ग्रोथेंडिक यांनी ‘टोपॉस’ मांडला. ग्रीकमध्ये अर्थ ‘जागा’. तो बांधायला आधी ‘साइट’ लागते, म्हणजे ठिकठिकाणची माहिती कशी सांधायची याचे नियम. अडचण अशी, की वेगळ्या साइटवरूनही तोच टोपॉस उभा राहतो. मग त्याची ओळख कोणती?

झां जिरो यांनी साइटचं नाव न घेता गुणच सांगितले. तुकड्यांचं जोडकाम दुसरीकडे नेऊन पाहिलं तरी टिकतं. बेरजेतले तुकडे एकमेकांत मिसळत नाहीत. समतुल्य संबंधाने पाडलेल्या गटांवरून तो संबंध परत मिळतो. आणि एका संचातल्या वस्तूंपासून बाकी सगळं घडतं. एवढं जमलं की तो टोपॉस. साइट शेवटी आपोआप सापडते.

उच्च-श्रेणीच्या टोपॉसमध्ये दोन गोष्टी सारख्या आहेत एवढं पुरत नाही; कशाकशा प्रकारे सारख्या, तेही जपावं लागतं. चार्ल्स रेझ्क, बर्ट्रांड टोएन, गाब्रिएले वेझोसी आणि जेकब लुरी यांनी जिरोंची यादी तिथवर नेली. लुरींच्या २००९च्या ग्रंथात समतुल्य संबंधाच्या जागी ग्रुपॉइड येतो, कारण त्यात सारखेपणाचे सगळे प्रकार मावतात. इथे तर एकाच साइटला दोन निराळे टोपॉस जोडलेले असू शकतात. म्हणजे नुसतं ‘कुठला?’ विचारून भागतच नाही.

२०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. खापरांवरची नक्षी तीच आहे. खापराला आपण आधी गुण विचारतो, गाव नंतर. माणसाला मात्र अजून उलटं.