हालचाल टिपणारा कॅमेरा : दिवाणखान्यापासून ताडोब्याच्या पायवाटेपर्यंत

प्रस्तावना :

नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या एक्सबॉक्स ३६० या व्हिडिओ गेमच्या यंत्रासाठी ‘किनेक्ट’ नावाचा कॅमेरा बाजारात आणला. खेळणाऱ्याच्या हातात काहीही न देता त्याच्या शरीराची हालचाल ओळखणारे हे उपकरण त्या काळी मोठ्या कुतूहलाचा विषय ठरले. त्याच सुमारास चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात झाडांच्या बुंध्यांना बांधलेले कॅमेरेही समोरून जाणाऱ्या प्राण्याची चाहूल लागताच आपोआप छायाचित्रे घेत होते. वनखात्यात व वर्तमानपत्रांत त्यांना ‘ट्रॅप कॅमेरा’ म्हणतात. एक उपकरण करमणुकीसाठी घडले, दुसरे वाघ मोजण्यासाठी. परंतु डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश हाच दोहोंचा आधार होय. या दोन यंत्रांची अंतर्गत रचना कशी घडत गेली आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात अशा यंत्राने कोणता प्रश्न सोडविला व कोणता नव्याने उभा केला, याचा विचार सदर लेखात केला आहे.

दिवाणखान्यातील यंत्र :

सोनी कंपनीचा २००३ मधील ‘आयटॉय’ हा साधा रंगीत कॅमेरा होता. लागोपाठच्या दोन चित्रांतील फरक पाहून तो हालचाल ओळखत असे. साहजिकच खोलीत उजेड कमी असला की त्याचा गोंधळ उडे. निन्टेन्डोच्या २००६ मधील ‘वी’ या यंत्राने वेगळीच युक्ती केली. तेथे कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातातील दांडीत बसविलेला होता आणि दूरचित्रवाणी संचाजवळ ठेवलेली पट्टी केवळ अवरक्त प्रकाश फेकत होती.

किनेक्टची मूळ कल्पना २००५ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्राइमसेन्स’ या इस्रायली कंपनीची. यंत्रातील लेझर समोरच्या खोलीवर हजारो अवरक्त ठिपक्यांची जाळी टाकतो. शेजारचा अवरक्त कॅमेरा ती जाळी पाहतो. वस्तू जवळ असेल तर ठिपका एका बाजूला सरकतो, दूर असेल तर दुसऱ्या बाजूला. या सरकण्यावरून त्रिकोणमितीच्या साहाय्याने प्रत्येक बिंदूचे अंतर काढले जाते. सेकंदाला ३० वेळा तयार होणाऱ्या या खोलीच्या नकाशातून संगणकप्रणाली मानवी शरीराचे २० सांधे शोधते. या प्रणालीच्या गणिती पद्धतीला ‘रँडम फॉरेस्ट’ असे नाव आहे. वनाशी तिचा संबंध नावापुरताच. सुमारे ८० सेंटिमीटर ते ४ मीटर ही तिची कार्यकक्षा. भर उन्हात मात्र हे यंत्र आंधळे होते, कारण सूर्यप्रकाशातील अवरक्त किरणांत त्याचे ठिपके बुडून जातात. २०१३ मधील दुसऱ्या किनेक्टने ठिपके सोडून प्रकाशाला जाऊन परत येण्यास लागणारा वेळ मोजण्याची पद्धत स्वीकारली. २०१७ मध्ये किनेक्टचे उत्पादन थांबले. प्राइमसेन्स कंपनी तत्पूर्वीच, २०१३ मध्ये, ॲपलने विकत घेतली होती.

पाऊलखुणेपासून पट्ट्यांपर्यंत :

ताडोबा हे १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य घोषित झाले. पुढे दोन्ही क्षेत्रे मिळून व्याघ्र प्रकल्प आकारास आला. या संपूर्ण काळात वाघ मोजण्याचे साधन होते ते म्हणजे त्याचे पाऊल. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये ही पद्धत मांडली. वनरक्षकाने ठशावर काच धरून त्याची बाह्यरेषा उतरवून घ्यायची, प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा काढायचा आणि मागच्या डाव्या पायाच्या ठशांची तुलना करून एकेक वाघ वेगळा काढायचा, असा तो क्रम होता. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ नोंदले गेले ते असेच.

या पद्धतीचा दोष वनरक्षकाच्या नजरेत शोधणे अन्यायाचे होईल. एकाच वाघाचा ठसा ओल्या मातीत, भुरभुरीत धुळीत आणि चढणीवर वेगवेगळा उमटतो. म्हणजे मापनाचा पदार्थच अस्थिर होता. राजस्थानातील सरिस्का येथे एकही वाघ उरला नसल्याचे २००५ मध्ये उघड झाले, तेव्हा कागदावरील आकडे आणि जंगलातील वस्तुस्थिती यांतील अंतर सर्वांसमोर आले. सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालील व्याघ्र कृतिदलाने त्याच वर्षी अहवाल दिला आणि २००६ पासूनच्या गणनेत छायाचित्राला मध्यवर्ती स्थान मिळाले.

छायाचित्राची कल्पना मात्र नवी नव्हती. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात वाटेवर आडवी तार लावून वाघांकडूनच त्यांची रात्रीची छायाचित्रे काढवून घेतली होती आणि प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, हेही नोंदविले होते. त्या निरीक्षणाला संख्याशास्त्राची जोड मिळण्यास सात दशके लागली. के. उल्लास कारंथ यांनी नागरहोळे येथे ट्रॅप कॅमेऱ्यांच्या आधारे वाघांची संख्या अंदाजण्याची रीत १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. २००४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या अकरा ठिकाणांच्या अभ्यासात ताडोब्याचाही समावेश होता.

उष्णतेची चाहूल :

ट्रॅप कॅमेऱ्याचा संवेदक किनेक्टप्रमाणे स्वतः प्रकाश फेकत नाही. तापमान बदलताच विद्युतभार निर्माण करणाऱ्या स्फटिकाचे दोन तुकडे त्यात परस्परविरुद्ध जोडलेले असतात आणि पुढे प्लास्टिकचे खाचांचे भिंग असते. उष्ण शरीर समोरून सरकले की प्रथम एक तुकडा तापतो, मग दुसरा. त्या फरकाने कॅमेरा जागा होतो. दोन्ही तुकडे सारखेच तापले तर काहीच घडत नाही. म्हणूनच केवळ हालचाल पुरेशी नाही. शरीर आणि पार्श्वभूमी यांच्या तापमानात अंतर हवे.

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ही अट अडचणीची ठरते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तापलेली जमीन आणि वाघाचे अंग यांच्या तापमानातील भेद दिवसाच्या काही वेळी पुसट होतो, आणि उलट उन्हात तापलेले गवत वाऱ्याने हलले तरी कॅमेरा रिकामी छायाचित्रे काढत राहतो. थंडीच्या पहाटे हेच यंत्र अचूक चालते.

वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधावे लागतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरील पट्टे सारखे नसतात. पट्टे स्पष्ट यावेत म्हणून रात्री बहुधा पांढऱ्या झोताचा वापर होतो. अवरक्त दिव्यातील चित्र चालत्या वाघाच्या बाबतीत पुसट येते. पुढे सपाट चित्रावर वाघाच्या शरीराचा त्रिमितीय साचा बसवून, अंगाचा बाक वजा करून, पट्ट्यांची तुलना करणारी संगणकप्रणाली वापरली जाते. किनेक्ट जी खोली प्रकाशाने मोजतो, ती येथे गणिताने अनुमानित केली जाते. २०१८-१९ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले व सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी वाघांची ७६,६५१ होती. महाराष्ट्रातील वाघांचा अंदाज २००६ मधील १०३ वरून २०२२ मध्ये ४४४ वर गेला. या साऱ्या व्यापात कॅमेरा नेमका कोणत्या वाटेवर बांधावा, हे मात्र अजूनही पाऊलखुणा वाचू शकणारा वनरक्षकच सांगतो.

ओळख आणि तिचे परिणाम :

पट्ट्यांवरून पटलेली ओळख मोजणीपुरती राहिली नाही. राजुरा परिसरात माणसे मारणारा आरटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये, तर वडसा व लगतच्या क्षेत्रांत तेरा बळींसाठी जबाबदार धरलेला सीटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये जेरबंद करण्यात आला. अशा वेळी नेमका तोच वाघ पकडला जातो की त्याच वाटेने जाणारा दुसरा, हे पट्ट्यांच्या जुळणीवरच ठरते. चुकीची जुळणी झाली तर निरपराध वाघ पिंजऱ्यात जातो आणि गावावरचे संकट तसेच राहते. २०२३ मध्ये ताडोब्याच्या बफर क्षेत्रातील सीतारामपेठ येथे वाघ ओळखून गावाला सावध करणारी कॅमेऱ्यांची योजना सुरू झाली, ती याच ओळखक्षमतेच्या पुढच्या टप्प्यावर.

तथापि उष्णता ओळखणाऱ्या संवेदकाला वाघ आणि माणूस यांतील भेद कळत नाही. मोहफुले वेचण्यास पहाटे निघालेली स्त्री, तेंदूपत्ता तोडणारे कुटुंब, बांबू व सरपण आणणारा ग्रामस्थ या सर्वांचे छायाचित्र तितक्याच तत्परतेने निघते. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील एक अभ्यास २०२४ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. कॅमेऱ्यांच्या धास्तीने स्त्रियांचे जंगलातील बोलणे, गाणे आणि वावर आक्रसल्याचे त्यात आढळले. चंद्रपूर-गडचिरोलीत तसाच अभ्यास होण्याची निकड आहे, कारण येथे उपजीविका आणि वाघाची वाट बहुतेक एकच असते.

किनेक्टच्या बाबतीत हा प्रश्न आधीच उपस्थित झाला होता. २०१३ मध्ये नव्या एक्सबॉक्सला हा कॅमेरा कायम जोडलेला असणे सक्तीचे राहील, असे जाहीर होताच ग्राहकांनी हरकत घेतली. कंपनीने काही महिन्यांतच ती अट मागे घेतली आणि २०१४ पासून कॅमेऱ्याविना यंत्र विकावयास आरंभ केला. ज्याच्या घरात कॅमेरा होता, त्याला वायर काढून ठेवण्याचा अधिकार मिळाला.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ज्या कायद्यान्वये तो मिळाला, त्या २००६ च्या वनहक्क कायद्याचे पाचवे कलम वन, वन्यजीव आणि जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेकडे देते. त्या वनात कॅमेरा कोणी बांधावा, त्यातील माणसांची छायाचित्रे कोणी पाहावी आणि ती किती काळ ठेवावी, याबद्दल त्या कायद्यात एकही शब्द नाही.