योआखिमस्थालचा काळा दगड

डॉलर हा शब्द ज्या गांवाच्या नांवावरून निघाला, तें गांव अमेरिकेंत नाहीं. बोहेमियांत, सॅक्सनीच्या सीमेवरील डोंगरांत तें वसलें आहे. जर्मन लोक त्यास योआखिमस्थाल म्हणत; चेक भाषेंत तें याखिमोव. इ. स. १५१६ सालीं तेथें चांदी लागली आणि लवकरच तिचीं 'थालर' नाणीं पडूं लागलीं. थालरचाच अपभ्रंश डॉलर.

चांदी खणतांना एक काळा, जड दगड वारंवार आडवा येई. खाणकऱ्यांनीं त्यास 'पेखब्लेंड' हें नांव दिलें. जर्मन भाषेंत पेख म्हणजे डांबर, आणि दुर्दैवही! निरुपयोगी म्हणून तो फेकला जाई. १७८९ सालीं क्लापरोट या रसायनशास्त्रज्ञानें पेखब्लेंडमध्यें युरेनियम शोधलें. पुढें त्यापासून कांचेस पिवळा-हिरवा रंग देण्याची पूड गांवांतच तयार होऊं लागली. उरलेला गाळ रानांत पडे. तोच गाळ, झाडांच्या गळलेल्या सुयांसकट, पोत्यांत भरून पॅरिसला क्यूरी दांपत्याकडे गेला. टनावारी गाळ उकळून १९०२ सालीं मेरी क्यूरीच्या हातीं रेडियम-क्लोराइड आलें तें अवघें एक दशांश ग्रॅम. तिचें जगानें कौतुक केलें तें यथायोग्यच. दगड खणणाऱ्यांची वास्तपुस्त मात्र फारशी कोणी केली नाहीं.

ते बिचारे ऐन उमेदींत छातीच्या रोगानें मरत. शेजारच्या श्नेबर्ग येथील खाणकऱ्यांचा हा रोग म्हणजे फुप्फुसांतील दुर्धर गांठ होय, असें १८७९ सालीं दिसून आलें. युरेनियमपासून रेडियम, रेडियमपासून रेडॉन वायु, आणि तो श्वासावाटे छातींत, ही सांखळी उमगावयास विसावें शतक उजाडावें लागलें.

तोंवर त्या दगडास निराळेंच गिऱ्हाईक मिळालें. १९४५ नंतर सोव्हिएत रशियास अणुबाँबसाठीं तो हवा झाला. प्रथम जर्मन युद्धकैदी, मागून चेक राजबंदी खाणींत उतरविले गेले. जवळच ऑस्ट्रोवपाशीं लाल विटांचा एक मनोरा आहे. तेथें कैदी हा दगड भरडून पिंपांत भरीत. धुळीपासून बचाव असा नव्हताच. लोक त्यास 'मृत्यूचा लाल मनोरा' म्हणतात. १९६४च्या सुमारास युरेनियमचें खणणें थांबलें. दगडांचे ढिगारे गांवाभोंवतीं राहिले, आणि कित्येक जुन्या घरांच्या गिलाव्यांत रंगकारखान्याचा गाळ मिसळलेला असल्यानें रेडॉन घरांतही शिरला.

एक विवर मात्र अजून चालू आहे. सोळाव्या शतकांतील स्वोर्नोस्त खाणींतून रेडॉनयुक्त पाणी वर खेंचलें जातें, आणि सांधेदुखीचे रोगी पैसे मोजून त्यांत स्नान करतात.