दरमहा पंचवीस रुपये

कुंभकोणमपासून जवळच गोविंदपुरम् नावाचे गाव आहे. तेथील विठ्ठल-रुक्मिणीच्या मंदिरात तमिळभाषक भक्तांच्या कंठातून मराठी अभंग ऐकू येतात आणि महाराष्ट्रातून गेलेला यात्रेकरू क्षणभर चकित होतो. वास्तविक, सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली, तेव्हापासून कावेरीकाठी मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. त्यांच्या कीर्तनपरंपरेविषयी पुष्कळ लिहिले गेले. या घराण्यांतील काही व्यक्तींनी दुसऱ्यांच्या मुलांना विद्येच्या पुढच्या पायरीवर कसे नेले, ही हकीकत मात्र तितकी परिचित नाही.

टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथे झाला. त्यांचे शिक्षण मद्रासच्या सरकारी हायस्कुलात झाले. पुढे याच शाळेतून प्रेसिडेन्सी कॉलेज उभे राहिले. मद्रास विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची, म्हणजे त्या काळी उच्च शिक्षण असे जे काही होते ते याच शाळेच्या वरच्या वर्गांत. ई. बी. पॉवेल हे तेथील प्रमुख. त्यांच्या घराच्या गच्चीवर माधवरावांनी खगोलशास्त्राचे पहिले धडे घेतले आणि बाजारातून आणलेली भिंगे बांबूच्या नळीत बसवून स्वतःची दुर्बीण तयार केली, असे चरित्रकार सांगतात. शाळेची घंटा झाल्यावरही शिष्यासाठी वेळ काढणारा गुरू त्यांना लाभला होता. १८४६ साली परीक्षा सन्मानाने उत्तीर्ण होताच त्यांनी काही काळ तेथेच गणित व पदार्थविज्ञान शिकविले.

त्यानंतर ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले, मग तेथील दिवाण, आणि १८७५ साली बडोद्याचे दिवाण. त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. लिहिण्या-वाचण्याची त्याची तयारी जेमतेमच होती. त्याच्या अध्यापनासाठी इलियट यांची नेमणूक झाली, आणि राज्यकारभार समजावून देणारी व्याख्याने स्वतः माधवरावांनी त्याला दिली. तो मुलगा म्हणजे सयाजीराव गायकवाड.

पुढची कडी मुंबईतली आहे. चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज वाचत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी पाहिला. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. पण कॉलेजचे शिक्षण मध्येच पैशावाचून अडले, तेव्हा केळुसकर त्याला सयाजीरावांकडे घेऊन गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले. येथे केळुसकरांचा वाटा महाराजांच्या वाट्याहून कमी मानता येणार नाही. देणारा हात होता, परंतु मुलाला त्या हातापर्यंत पोहोचविणारे कोणी नसते, तर?

या प्रश्नाचे उत्तर त्याच सुमारास कुंभकोणममध्ये दिसत होते. तेथील सरकारी कॉलेजला ‘दक्षिणेचे केंब्रिज’ म्हणत. सारंगपाणी मंदिराजवळ राहणाऱ्या श्रीनिवास रामानुजन यांना १९०४ साली या कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. पण गणितात बुडालेल्या या मुलाने इतर विषयांकडे पाठ फिरविली, तो अनुत्तीर्ण झाला आणि शिष्यवृत्ती गेली. नियमाप्रमाणे जे घडायचे तेच घडले. कॉलेजला त्याबद्दल दोष देता येणार नाही. मद्रासला पुन्हा प्रयत्न केला, तेथेही तेच. पदवी नाही, नोकरी नाही, अशी काही वर्षे गेली. हाती उरल्या त्या गणिताच्या वह्या.

त्या वह्या घेऊन ते नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्रराव यांच्याकडे गेले. रामचंद्रराव तंजावरी मराठी घराण्यातले, स्वतः गणिताचे व्यासंगी. आरंभी त्यांना संशय वाटला. हा तरुण खरा की भोंदू, हे ठरेना. तरीही त्यांनी दार लावून घेतले नाही. पुन्हा भेट, पुन्हा वह्या, आणि चौथ्या भेटीत त्यांची खात्री पटली. हवे काय, असे विचारता रामानुजन यांनी अभ्यास करता यावा इतकाच चरितार्थ मागितला. नेल्लोरला कारकुनीत त्यांना अडकविणे रामचंद्ररावांना अन्यायाचे वाटले. त्यांनी त्यांना मद्रासला परत पाठविले आणि दरमहा २५ रुपये स्वतःच्या खिशातून देऊ केले. वर्षभराने रामानुजन यांनी ती मदत घेणे थांबविले आणि मार्च १९१२ मध्ये ते पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांवर लागले. तेथूनच जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिले.

त्याच वर्षी सयाजीरावांनी आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली आणि जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. १७ मार्च १९१४ रोजी रामानुजन यांच्या बोटीने मद्रास बंदर सोडले.