तीस कान, एक ऐकणे

आमच्या घरी संगणकाची खाती तीन. एकच फाइल तिन्हींत असते आणि प्रत्येकीत निराळी निघते. खरी कोणती, हे ठरवायला पंच बसवावे लागतात!

जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ, खोडदला मात्र हाच उद्योग शिस्तीत चालतो. प्रा. गोविंद स्वरूप यांनी 1990 च्या दशकात तिथे महाकाय रेडिओ दुर्बीण उभी केली. तबकड्या 30, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर! 14 दाटीवाटीने, बाकीच्या 16 तीन फांद्यांवर दूरदूर. सगळा पसारा 25 किलोमीटरचा. खोडदच्या खोलीतून हुकूम सुटला की साऱ्याजणी मुकाट माना वळवतात. (आमच्या आळीत एवढे कुणी कुणाचे ऐकत नाही.) त्यांनी ऐकलेले काचतंतूंतून खोडदला येते. लांबचीचा निरोप उशिरा पोचतो, म्हणून जवळचीचा तेवढाच रोखून धरतात आणि मग सर्वांचा मेळ घालतात.

2002 पासून जगभरचे शास्त्रज्ञ अर्ज करून इथली वेळ मागतात. मिळालेली नोंद काही काळ त्यांच्या नावावर, पुढे सर्वांना खुली. भीती एकच. आकाशातली कुजबुज इतकी बारीक, की खिशातला मोबाइलसुद्धा तिच्यावर ओरडतो. पाहुण्याने तो आधी बंद करायचा.