नर बेडूक: ट्रेमधला आणि फांदीवरचा

बारावीला बायोलॉजी घेतलेल्या आमच्या पिढीला नर बेडूक आतून तोंडपाठ आहे. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर... कॉलेज कुठलंही असो, मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या मारून उताणा ठेवलेला तोच तो बेडूक. मूत्रपिंडांना चिकटलेले दोन पिवळसर वृषण, त्यातून निघून मूत्रपिंडात शिरणाऱ्या दहा-बारा बारीक नळ्या, आणि शेवटी शुक्राणू व मूत्र एकाच वाटेने बाहेर. बाहेर लिंग वगैरे काही नाही. जर्नलमध्ये आकृती, खाली सरांची सही. संपला बेडूक!

पण लिंगच नाही तर फलन होतं कसं? हा प्रश्न जुना आहे. अठराव्या शतकात इटलीतल्या स्पालान्झानी नावाच्या पाद्री-शास्त्रज्ञाने चक्क नर बेडकांना तलम कापडाच्या चड्ड्या शिवून घातल्या! (हसू नका, खरं आहे.) चड्डीवाल्या नरांनी मादीला मिठी मारली, मादीने अंडी घातली, पण ती फळली नाहीत. मग त्याने चड्डीत साठलेले थेंब अंड्यांवर लावले, तर ती फळली. म्हणजे फलन मादीच्या शरीराबाहेर होतं आणि त्याला नराचं वीर्य लागतं. गंमत म्हणजे वीर्यातले शुक्राणूच हे काम करतात, हे मात्र त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

पुस्तकात पुढे असतं ते असं: नर मादीच्या पाठीवर चढतो, पुढच्या पायांनी घट्ट धरून ठेवतो, ती अंडी घालत असतानाच तो वीर्य सोडतो. पकड सुटू नये म्हणून विणीच्या दिवसांत नराच्या पुढच्या बोटावर खरखरीत गादी येते. आपला मोठा बेडूक पहिल्या पावसात पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो. हा थाट मादीसाठी, पण त्यानेच तो बेडूक पकडणाऱ्यांनाही सापडायचा. परदेशी हॉटेलांसाठी तंगड्या गोठवून जायच्या. म्हणजे विणीचा हंगाम तोच कत्तलीचा हंगाम. मुंबईचे पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली (१९१४-२००१) यांनी या व्यापाराविरुद्ध सातत्याने लिहिलं. १९८७ मध्ये भारताने निर्यात थांबवली.

याच अब्दुलअलींचं नाव १९५५ मध्ये सह्याद्रीतल्या एका छोट्या बेडकाला दिलं गेलं होतं. इंग्रजीत त्याला 'बॉम्बे नाइट फ्रॉग' म्हणतात. पुण्याच्या कृष्णमेघ कुंटे यांनी २००४ मध्ये त्याच्या जवळच्या बेडकांच्या प्रजननावर लिहिलं. मग सत्यभामा दास बिजू, वरद गिरी आणि त्यांचे सहकारी २०१० ते २०१२ दरम्यान सातारा जिल्ह्यातल्या हुंबर्ली गावाजवळ चाळीस रात्री ओढ्याकाठी बसले. निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आला.

काय दिसलं? हा नर मादीला धरतच नाही! तिच्या पाठीवर बसतो, पण हात टेकवतो पानावर किंवा फांदीवर. वीर्य तिच्या पाठीवर सोडतो आणि उतरून निघून जातो. अंडी ती नंतर घालते. पाठीवरून, मागच्या पायांवरून ओघळत आलेलं वीर्य त्या अंड्यांवर पडतं आणि ती फळतात. बेडकांच्या मिठीचे सहा प्रकार तोवर माहीत होते, हा सातवा. शिवाय या जातीत मादीही साद घालते, जे बेडकांत दुर्मिळ आहे.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे. या नराला ट्रेमध्ये कितीही बारकाईने उलगडलं असतं, तरी तो मिठी मारत नाही हे कळलं नसतं. चिरून नळ्या दिसतात, वागणं दिसत नाही. त्यासाठी बेडूक जिवंत हवा, त्याचा ओढा वाहता हवा आणि अंधारात गप्प बसून राहणारं कुणीतरी हवं. आपल्या उपनगरांतली भातखाचरं आणि डबकी बुजली, तिथल्या विणीच्या रात्री आता कुणाला मोजता येणार? नॅशनल पार्कात मात्र पहिल्या पावसात अजून डराव डराव ऐकू येतं. यंदा ऐकाल तेव्हा लक्षात असू द्या, तिथे एक फार जुना कारभार चालू आहे, आणि आपल्याला तो अजून पुरता कळलेला नाही.