यकृताच्या तंतुमयतेचे प्रतिमादर्शन

शरीरात सुई वा शस्त्र न घालता यकृतातील तंतुमय ऊतकाचे (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाचे) प्रमाण अजमावणे व त्यात होणाऱ्या बदलांवर देखरेख ठेवणे, हा या तंत्रांचा उद्देश होय. श्राव्यातीत ध्वनी (मानवी कानास ऐकू न येणारा उच्च कंप्रतेचा ध्वनी) आणि चुंबकीय अनुकंपन ही त्यांतील प्रमुख साधने आहेत. या तंत्रांचा खरा विकास १९९० नंतर झाला. यकृताचा आकार पाहण्याऐवजी त्याचे काठिण्य मोजण्याची कल्पना या विकासाच्या मुळाशी आहे.

व्हायरसजन्य यकृतशोथ (यकृताची दाहयुक्त सूज), दीर्घकालीन मद्यपान, यकृतात मेद साठणे इ. कारणांनी यकृतातील कोशिकांना वारंवार इजा पोहोचते. ती भरून काढण्याच्या प्रक्रियेत यकृतातील ताराकृती कोशिका कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू निर्माण करतात आणि जखमेच्या वणासारखे ऊतक साचत जाते. यालाच तंतुमयता किंवा फायब्रोसिस म्हणतात. ती वाढत गेल्यास यकृताची मूळ रचना मोडून गाठी बनतात व यकृत सूत्रण रोग म्हणजे सिऱ्होसिस उद्‌भवतो. प्रवेशिका नीलेतील रक्तदाब वाढून अन्ननलिकेतील नीला फुगणे व फुटणे, जलोदर, यकृताचा कर्करोग हे त्याचे गंभीर परिणाम होत. तोपर्यंत रुग्णास बहुधा कोणताही त्रास जाणवत नाही. मूळ कारण वेळीच दूर केल्यास तंतुमयता पुष्कळदा कमी होऊ शकते. म्हणूनच ती लक्षणे दिसण्यापूर्वी ओळखण्यास महत्त्व आहे.

यकृताचे काठिण्य हाताने चाचपून पाहण्याची पद्धत फार जुनी आहे. फ्रेंच वैद्य रने लाएनेक यांनी १८१९ मध्ये रोगग्रस्त यकृताच्या पिवळसर-तपकिरी रंगावरून, ग्रीक शब्दाच्या आधारे, सिऱ्होसिस हे नाव रूढ केले. परंतु हाताला कठीण लागणारे यकृत हे बहुधा पुढच्या अवस्थेतील असे. सुईने यकृतातील नमुना काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याच्या पद्धतीचा, म्हणजे जीवोतक परीक्षेचा, आरंभ १८८३ मध्ये जर्मनीत पाउल एर्लिक यांनी केला असे मानले जाते. १९५८ मध्ये इटलीतील जॉर्जो मेंगीनी यांनी सुई यकृतात सु. एक सेकंदच राहील अशी पद्धत प्रसिद्ध केली आणि ही परीक्षा सर्वत्र प्रचारात आली. तंतुमयतेच्या शून्य ते चार अशा पायऱ्या कल्पिण्यात आल्या. त्यांपैकी चौथी पायरी म्हणजे सूत्रण रोग होय.

जीवोतक परीक्षेने निदानास भक्कम पाया मिळाला, तथापि तिच्या मर्यादाही लवकरच स्पष्ट झाल्या. ती वेदनादायक असून क्वचित रक्तस्राव व अगदी विरळा मृत्यूही संभवतो. नमुना संपूर्ण यकृताच्या सु. पन्नास हजाराव्या भागाइतकाच असतो आणि तंतुमयता सर्वत्र सारखी नसते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सी-यकृतशोथाच्या १२४ रुग्णांच्या यकृताच्या उजव्या व डाव्या अशा दोन्ही खंडांतून नमुने घेण्यात आले. सु. एक-तृतीयांश रुग्णांमध्ये या दोन नमुन्यांत निदान एका पायरीचा फरक आढळला. शिवाय दर वर्षी सुई टोचून रोगाच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे व्यवहार्य नव्हते.

१९७० नंतरच्या दशकात श्राव्यातीत ध्वनिचित्रण व संगणकीकृत छेददर्शन प्रचारात आले. यकृताचा खडबडीत पृष्ठभाग, पुच्छखंडाची सापेक्ष वाढ, मोठी झालेली प्लीहा ही चिन्हे त्यांद्वारे दिसू लागली. मात्र ही सूत्रण रोगाची, म्हणजे अखेरच्या टप्प्याची, चिन्हे आहेत. पहिल्या तीन पायऱ्यांवरील यकृत चित्रात पुष्कळदा निरोगी यकृतासारखेच दिसते.

ही अडचण दूर होण्यास भौतिकीची मदत झाली. १९९१ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथे जॉनथन ओफिर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊतक किंचित दाबून त्यापूर्वीच्या व नंतरच्या प्रतिध्वनींची तुलना केली आणि त्यावरून ऊतकाच्या स्थितिस्थापकतेचे चित्र तयार केले. या पद्धतीस त्यांनी ‘इलॅस्टोग्राफी’ हे नाव दिले. पॅरिस येथे मत्यास फिंक यांच्या प्रयोगशाळेत वेगळा मार्ग अनुसरण्यात आला. त्वचेवर हलका ठोका दिला असता ऊतकात कर्तरी तरंग (ज्यात कणांचे कंपन प्रसारदिशेला लंब असते असे तरंग) निर्माण होतात. श्राव्यातीत ध्वनी मऊ ऊतकातून सेकंदास सु. १,५४० मी. वेगाने जातो, तर कर्तरी तरंगाचा वेग सेकंदास केवळ काही मीटर असतो. त्यामुळे पहिल्याच्या साहाय्याने दुसऱ्याचा माग काढता येतो. ऊतक जितके कठीण तितका कर्तरी तरंग वेगवान असतो व काठिण्य वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग सेकंदास १ मी. असल्यास काठिण्य सु. ३ किलोपास्काल व २ मी. असल्यास सु. १२ किलोपास्काल येते.

या तत्त्वावरील ‘फायब्रोस्कॅन’ या उपकरणाने सी-यकृतशोथाच्या रुग्णांवर केलेल्या मोजमापांचे निष्कर्ष लोरां सांद्रँ व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. यात उजव्या बाजूच्या दोन बरगड्यांमध्ये शोधनी टेकवून ५० हर्ट्‌झ कंप्रतेचा ठोका देतात. सु. १ सेंमी. रुंद व ४ सेंमी. लांब दंडगोलाएवढ्या भागाचे मापन होते व हा भाग सुईने काढलेल्या नमुन्याच्या निदान शंभरपट असतो. सामान्यतः दहा मापनांचा मध्यक धरतात. यात यकृताचे चित्र मिळत नाही, तर तरंगाच्या प्रवासाचा आलेख व एक आकडा मिळतो. पुढे ध्वनीच्या दाबानेच यकृताच्या आत कर्तरी तरंग निर्माण करणाऱ्या पद्धती विकसित झाल्या व नेहमीच्या ध्वनिचित्रावरच काठिण्य दाखविणे शक्य झाले.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये राजा मुथुपिल्लई, रिचर्ड एमन व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये चुंबकीय अनुकंपनाने कर्तरी तरंग प्रत्यक्ष चित्रित केले. यकृतासाठी या पद्धतीत सामान्यतः ६० हर्ट्‌झची कंपने वापरतात. यकृताचा मोठा भाग तपासता येत असल्याने व स्थूल व्यक्तींतही ती उपयोगी पडत असल्याने ही पद्धत अधिक विश्वसनीय ठरली आहे. मात्र ती खर्चिक असून यकृतात लोह साठलेले असल्यास निष्फळ ठरू शकते. या दोन पद्धतींत किलोपास्कालमध्ये दिलेल्या राशी भिन्न असल्याने त्यांचे आकडे परस्परांशी थेट ताडून पाहता येत नाहीत.

काठिण्य म्हणजे तंतुमयता नव्हे, ही या सर्व तंत्रांची मूलभूत मर्यादा होय. तीव्र यकृतशोथातील दाह, पित्तमार्गातील अडथळा, हृदय दुर्बल झाल्याने यकृतात तुंबलेले रक्त, एवढेच नव्हे तर नुकतेच घेतलेले जेवण यांमुळेही आकडा वाढतो. म्हणून तपासणीपूर्वी निदान दोन-तीन तास काही खाऊ नये असे सांगतात. जलोदर असल्यास ठोक्याने निर्माण झालेला तरंग यकृतापर्यंत पोहोचत नाही. एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढल्यास निरोगी माणसास रुग्ण ठरविण्याचा धोका संभवतो.

योग्य काळजी घेतल्यास मात्र हे आकडे उपचारांची दिशा ठरवू शकतात. २०१५ मध्ये इटलीतील बाव्हेनो परिषदेच्या तज्ज्ञांनी शिफारस केली, की भरपाई अवस्थेतील दीर्घकालीन यकृतविकारात काठिण्य २० किलोपास्कालपेक्षा कमी व रक्तातील बिंबाणूंची संख्या दर घन मिमी.स दीड लाखाहून अधिक असल्यास अन्ननलिकेची दुर्बिणीने तपासणी टाळता येते. जेथे अशी यंत्रे नाहीत तेथे वय, यकृत-एंझाइमे व बिंबाणू यांवरून काढलेल्या साध्या निर्देशांकांचा उपयोग करतात. मर्यादित साधनांच्या प्रदेशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये सी-यकृतशोथाच्या संदर्भात तशी शिफारस केली. भारतात जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल यकृतशोथ नियंत्रण कार्यक्रमातही असे निर्देशांक वापरले जातात.

२०१३ नंतर सी-व्हायरसाचा समूळ नाश करणारी तोंडाने घ्यावयाची प्रभावी औषधे उपलब्ध झाली व देखरेखीस नवे महत्त्व आले. उपचारानंतर काठिण्य लवकर घटते, परंतु आरंभीची घट बहुतांशी दाह ओसरल्याने होते. तंतू विरघळण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. त्यामुळे ज्यांना सूत्रण रोग होऊन गेला आहे, त्यांचा आकडा उतरला तरी यकृताच्या कर्करोगासाठी त्यांची नियमित तपासणी चालू ठेवणे आवश्यक असते.